जाण्याची परवानगी

भिक्षूंचं पठण संपलं आणि सगळे तेबाल्दोकडे पाहू लागले. आता त्यानं बोलायचं होतं. झारीतलं पाणी वाटीत सोडायचं, आणि धार संपता संपता बायकोच्या जिवाला सांगायचं, "तू मोकळी आहेस. जा." घरच्या माणसानं असा निरोप दिल्याशिवाय जीव घर सोडत नाही.

मा न्युनला जाऊन आज सातवा दिवस होता. स्मशानातून मोडून आणलेली फांदी तिच्या विणायच्या मागाजवळ उभी केली होती. त्या फांदीवर बसून तिचा जीव घरी आला होता, फुलपाखरासारखा. तिची चटई अंथरलेली होती. उशाशी पाण्याचं मडकं होतं. रोज सकाळी त्यातलं पाणी जरासं कमी झालेलं दिसे. मंडालेच्या उन्हात पाणी आटतं हे तेबाल्दोला कळत होतं. तरी ते तो कुणाजवळ बोलला नव्हता.

"दाजी," धाकटी मेहुणी मा प्वा कुजबुजली, "इतकी वर्षं आमच्या भाषेत भांडता. एवढे दोन शब्द येत नाहीत होय?"

"येतात."

"मग?"

त्यानं झारी उचलली आणि परत खाली ठेवली. मागून शेजारचा ऊ म्यात म्हणाला, "राजाच्या तोफा ओततो हा. वितळलेलं कासं साच्यात सोडताना हात हलत नाही. आणि झारी उचलेना बघा."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. राणीवशातला जुना अधिकारी ऊ पान आला. राणीसाहेबांनी भिक्षूंसाठी पाठवलेली वस्त्रं त्यानं पुढे ठेवली, नमस्कार केला आणि तेबाल्दोच्या शेजारी बसला.

"राणीसाहेबांचा निरोप आहे. तुम्हाला मायदेशी जायची परवानगी झाली. रंगूनची आगबोट परवा सुटते."

तेबाल्दो त्याच्याकडे बघत राहिला. इटलीहून तो दोन वर्षांच्या बोलीवर आला होता. इथेच त्याचे केस पिकले. दर वर्षी भिक्षूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला की सगळा दरबार राजाच्या पाया पडायला जाई. तोही अनवाणी जाई, कपाळ जमिनीला टेकवी आणि एकच मागणं मागे. एकदा आईला भेटून येऊ द्या. उत्तर ठरलेलं असे. पुढच्या वर्षी.

त्याच दिवशी मा न्युन वर्षभर विणलेलं रेशमी वस्त्र राणीला द्यायला जाई आणि रिकाम्या हातानं परत येई.

"राणी काही देत नाही का गं?" तो चिडून विचारी.

"मिळालं सगळं," ती म्हणे आणि भात वाढायला घेई.

त्याची आई तिकडे वाट पाहता पाहता वारली. ते कळलं त्या दिवशी मा न्युन त्याच्याहून जास्त रडली. त्याला तेव्हा नवल वाटलं होतं. पुढेही तो मागत राहिला, आईच्या मातीवर एकदा उभं राहू द्या म्हणून.

"आज?" तो म्हणाला. "इतकी वर्षं महाराज नाही म्हणाले, आणि आज?"

"महाराजांचं काही म्हणणंच नव्हतं. ते राणीसाहेबांना विचारायचे." ऊ पाननं मागाकडे पाहिलं. "आणि राणीसाहेब वस्त्र हातात घेऊन विचारायच्या, मा न्युन, काय देऊ? ती दर वर्षी एकच मागायची. आमच्या माणसाला यंदा जाऊ देऊ नका." तो थांबला. "आता मागणारी राहिली नाही."

तेबाल्दो मा प्वाकडे वळला. "तुला ठाऊक होतं?"

"त्या वस्त्राचे काठ मी विणायचे, दाजी." तिनं मान वर केली नाही. "तुम्ही गेला असतात. तिला मागून येता आलं असतं का?"

नसतं आलं. या देशाच्या बाईला सरहद्दीबाहेर नेता येत नसे, नवऱ्यालासुद्धा नाही. परदेशी नवरे बोटीत बसत, बायका घाटावर उभ्या राहत. येतो म्हणून गेलेला एकही माणूस परत आलेला तेबाल्दोनं पाहिला नव्हता.

तरी त्याला राग आला. ती समोर असती तर तो ओरडला असता, तीही ओरडली असती, आणि मग दोघं जेवली असती. समोर नुसती फांदी होती. पानं सुकत आली होती.

"मला का जाऊ दिलं नाहीस?" तो फांदीला म्हणाला.

भिक्षूंमधले सगळ्यांत म्हातारे होते ते हळूच म्हणाले, "बाबा, निघालेल्याला दारात अडवू नये."

"तिनं मला अडवलं."

"आणि तू आता काय करतोयस?"

तेबाल्दो फांदीकडून वाटीकडे वळला. मग त्यानं झारी उचलली. धार होईल तेवढी बारीक सोडली. मग आणखी बारीक केली, नुसते थेंब. पण झारी ती केवढी. पाणी संपलं.

"मा न्युन," तो म्हणाला, "तू मोकळी आहेस. जा."

"साधु, साधु, साधु," सगळे म्हणाले. मा प्वानं फांदी उचलली आणि कुंपणाबाहेर नेऊन टाकली. मागाजवळची जागा रिकामी झाली.

ऊ पान उठला. "राणीसाहेबांना काय सांगू? आगबोट परवाचीच आहे."

तेबाल्दोनं रिकामी झारी पालथी घातली.

"सांगा, यंदाही मा न्युननं तेच मागितलंय."