दार घट्ट बसलं पाहिजे

“मॉडेल कोणतं?” उत्तमचंद शेठनी विचारलं.

“नाव पुसलं गेलंय, शेठजी. पण माप आणलंय.”

नूतनने पिशवीतून सुतळी काढून काउंटरवर ठेवली. एका गाठीपर्यंत फ्रिजच्या दाराची उंची, दुसरीपर्यंत रुंदी. सोबत दाराच्या जुन्या रबराचा बोटभर तुकडा, कडक झालेला आणि चिरा पडलेला.

धुळ्याच्या बाजारात फ्रिज-मिक्सरचे सुटे भाग विकण्यात शेठची हयात गेली होती. सुतळीला गाठी मारून माप आणणारं गिऱ्हाईक मात्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

“अख्खं रबर काढून आणायचं ना, ताई.”

“सोनगीरहून इथे येऊन परत जाईपर्यंत दार बिनरबराचंच राहिलं असतं. आतलं सगळं वाया गेलं असतं.”

“या थंडीत?” शेठ हसले. “पौषात आमचा फ्रिज आम्ही बंदच ठेवतो. एवढं काय आहे आत?”

“अंडी.”

शेठचा हात जागच्या जागी थांबला. मागे तसबिरीसमोर उदबत्ती जळत होती. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं, एकदा नूतनकडे.

“आधी दोनदा नासली,” नूतन सांगू लागली. “या वेळेस मात्र—”

“बस, पुढचं सांगू नका.” शेठनी हात वर केला. “आमच्या घरात कांदासुद्धा येत नाही. दुकानात सकाळी सकाळी हे नाव नको.”

नूतनला वाईट वाटलं. पण शेठच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता संकोच होता. ती तिथेच उभी राहिली. बाकीच्या दुकानांत विचारून झालं होतं. हे माप कुणाकडेच नव्हतं.

शेठनी सुतळी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. “रबराला काय ठाऊक, आत काय आहे ते,” असं स्वतःशीच पुटपुटत ते शिडीवर चढले आणि धुळीने माखलेलं एक पाकीट घेऊन खाली उतरले.

“घडी पडली आहे. गरम पाण्यात बुडवा, म्हणजे सरळ होईल. आधी चारी कोपरे बसवा, मग बाजू. झालं की दारात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढला गेला तर समजा हवा निसटतेय.” त्यांनी पाकिटावर आपला नंबर लिहिला. “बसलं नाही तर फोन करा. बसलं तरी करा. माझ्या दुकानातलं रबर सैल बसलं असं कुणी म्हणायला नको.”

नरडाण्याच्या कारखान्यातलं काम सुटल्यापासून नूतनच्या डोक्यात एकच होतं. आता दुसऱ्याच्या दारात जायचं नाही, घरीच स्वतःचं काहीतरी उभं करायचं. त्यासाठी तिने नवऱ्याच्या, लोटनच्या, मागे लागून गनीभाईच्या भंगारातून हा फ्रिज आणवला. विकण्यासारखं होतं ते गनीभाईने त्यातून आधीच काढून घेतलं होतं, म्हणून तो परवडला. पहिली खेप नासली. दुसरी नासली, तेव्हा सगळ्या गल्लीने नाकाला पदर लावला. दार लावलं तरी फटीतून पिवळ्या उजेडाची पट्टी भिंतीवर पडायची. ती पट्टी पाहिली की नूतनचा जीव खालीवर व्हायचा.

“हाई खेप बी नासनी ना, ते फ्रीज गनीभाईले परत,” नूतन घरी पोचताच लोटनने बजावलं. “आते मना जीव उबगना.”

“नही नासाव,” ती म्हणाली. “तू पाना दे.”

टोपलीत गोधडी अंथरून तिने अंडी त्यात अलगद ठेवली आणि गोधडीचंच टोक वर ओढून घेतलं.

“लेकरूना इतला लाड करस का कोन्ही?” लोटन म्हणाला. पण तोंडाने चिडवत असला तरी गरम पाण्याचं पातेलं त्यानेच उतरवून आणलं.

जुनं रबर तुकड्या-तुकड्यांनी निघालं. नवं बसता बसेना. एक कोपरा दाबला की दुसरा उचलायचा. लोटनने वैतागून पाना खाली टाकला, मग स्वतःच उचलला. नूतनची बोटं लाल झाली. शेवटी तिने दारात वर्तमानपत्राचा कपटा धरला, दार लावलं आणि ओढलं.

कपटा फाटला, पण सुटला नाही. भिंतीवरची उजेडाची पट्टीही गेली होती.

त्यानंतर रोज ती दार जेमतेम उघडायची, अंडी हाताने फिरवून पाहायची आणि लगेच लावून घ्यायची. लोटन कामावरून आला की चपला काढायच्या आधी फ्रिजजवळ जाऊन वास घ्यायचा. वास येत नव्हता. नूतनला आशा वाटायची आणि आशा वाटते म्हणून भीतीही वाटायची.

एके दिवशी सकाळी शेठनी दुकान उघडून उदबत्ती लावली, तोच फोन वाजला.

“शेठजी, मी सोनगीरची नूतन. सुतळीवाली. तुमचं रबर घट्ट बसलं.”

“वा! मग आता आत चांगलं गार राहतं ना?”

नूतनला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिच्या मागे लोटन उभा होता. तो म्हणाला, “गनीभाईले सांगी दे, फ्रीज काही भेटाव नही.”

“शेठजी,” ती फोनवर म्हणाली, “सकाळी सकाळी ते नाव नको म्हणाला होतात. नाही घेत. तुम्ही फक्त ऐका.”

तिने दार उघडलं. आतली ऊब तिच्या तोंडावर आली आणि पेटत्या बल्बखाली, फुटक्या टरफलांवर धडपडत चिवचिवणाऱ्या ओल्या पिल्लांजवळ तिने फोन धरला.