अंजिराची वाफ

तार पुन्हा स्क्रूड्रायव्हरवरून सटकली.

"शेजारीणबाई, केस विंचरत नाही आहात तुम्ही," काउंटरपलीकडून ओस्वाल्दो म्हणाला. "ओढून धरा. मालक कोण ते कळू दे तिला."

निदिया हसली. आवाज बसला होता तिचा. हसणंही खरखरीत आलं. चिलीतल्या वाल्पाराइसोच्या टेकडीखालचं हे ओस्वाल्दोचं व्हेपचं, म्हणजे वाफेच्या विजेरी सिगारेटचं दुकान. बंदरावरचं धुकं दारापर्यंत चढून आलं होतं आणि आतल्या वाफेत मिसळून कुठलं कुठे संपतं ते कळेनासं झालं होतं.

या वेळी वेढे एकमेकांना बिलगून बसले. तिनं कॉइल यंत्रात बसवली, बटण हलकेच दाबलं. तार आधी मधोमध लाल झाली, मग लाली दोन्ही टोकांकडे पसरली. एवढीशी संध्याकाळ चिमट्यात धरल्यासारखी.

"वा! आता कापूस. कालपर्यंत कसा भरत होतात?"

"ठासून."

"मग करपणारच. अंजिराच्या रसाला आत शिरायला वाट नको? तुमच्या बाबांचा घसा सोलून निघाला असेल."

"ते स्वतःच करायचे सगळं," निदिया म्हणाली. "आता हात चालत नाहीत."

"आणि तुम्हाला हात लावू देतात? माझा म्हातारा असता तर चिमटा फेकून मारला असता."

निदियानं कापसाची वात कॉइलमधून ओढून पाहिली. अलगद सरकली.

घरी आई खालच्या खोलीत पडून होती. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर इस्पितळातून आली ती निम्मी होऊन. जिना चढायची मनाई होती. शिवाय वरच्या खोलीतल्या बाबांचा खोकला तुला लागायला नको, असं निदियानं बजावलं होतं. आईनं वाद घातला नाही. फक्त संध्याकाळी वरून अंजिराच्या वाफेचा वास उतरला, की मगच ती चमचा उचलायची. वास आला नाही त्या दिवशी जेवण तसंच परत गेलं होतं. अशीच खंगत गेली तर आमच्या हातात काही उरणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

निदिया वर गेली. दार लोटून घेतलं.

थोड्या वेळानं वास पायरी पायरी खाली आला. आज त्यात करपटपणा नव्हता. पिकल्या फळांची फांदी कुणी घरात आणून ठेवावी, तसा तो आईच्या पांघरुणावर येऊन बसला.

निदिया कासुएलाचा वाडगा घेऊन आली, तेव्हा आई डोळे मिटून श्वास घेत होती.

"किती गोड येतोय आज."

"हो ना. भरवू?"

"मी काय तान्ही आहे?"

आईनं भोपळा खाल्ला, मक्याचं कणीस चोखलं, तळाचा रस्साही वाडगा तिरका करून प्यायली. इस्पितळातून आल्यापासून ती इतकं जेवली नव्हती. निदियानं सुटकेचा निःश्वास टाकला.

आईनं ओठ पुसले आणि लेकीचा हात हातात घेतला.

"यांना कधी जमलंच नाही गं ते. कापूस कोंबायचे, करपवायचे, आणि ऐट अशी की दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत," ती म्हणाली. "मी इस्पितळात होते, तेव्हाच पुरलंत ना त्यांना?"