तांबडीची घंटा

सिंहीण माझ्या सफारीच्या गाडीच्या चाकालगतच गवतात शिकार फाडत होती. तिचे तीन बछडे त्यातच लोळत होते. पाहुणीचा कॅमेरा थांबायचं नाव घेत नव्हता.

"काय मारलंय हो तिनं?"

"रानम्हशीचं पिल्लू," मी म्हणालो. खरं काय ते मला कातड्याच्या रंगावरून केव्हाच कळलं होतं.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. "ताजेऊ, आपली तांबडी काल घरी आली नाही रे. कुठं दिसली का? इथं पोरं भाले घेऊन बसलीत. सिंहानं नेली असेल तर आत्ता निघतो म्हणतात."

मी बछड्यांकडे पाहिलं.

"दिसली ना, बाबा. नदीपलीकडं किपारेनच्या गुरांत चरतेय. संध्याकाळी आणतो मी."

"किपारेनच्या? मग लवकर आण बाबा! तोवर तो मेला तिचं दूध काढून पिऊनही मोकळा होईल!" बाबा हसले.

सिंहिणीनं शिकारीच्या मानेला हिसडा दिला. गवतात घंटा खणकन वाजली.

बाबांचं हसू थांबलं. आमच्या प्रत्येक गाईच्या गळ्यातली घंटा त्यांनी स्वतः वाजवून, निवडून बांधलेली. काळोखातही ते नुसत्या आवाजावरून गाय ओळखतात.

"बाबा?"

"पाहुणे आहेत ना गाडीत?"

"आहेत."

"मग घाई करू नकोस. सिंहिणीला पोटभर बघून घेऊ दे त्यांना. उद्या दिसायची नाही ती."