तिरक्या ठोक्यांचं पान

मुलांनो, कल्पना करा, एकाच्या हातांना येणारं काम दुसऱ्याच्या हातांनाही वापरता येतं. चारुताच्या आत्याला तांब्याच्या घागरीवर हातोडीने नक्षी ठोकता येई. तिच्या हातांचं हे कसब आठवणीच्या पानांवर साठवलेलं होतं, आणि आता दोघींच्या मनगटांतल्या चिप तीच पानं वाचत होत्या.

घागरीवर नक्षी ठोकताना तिसऱ्या रांगेत चारुताने मुद्दाम तिरके ठोके मारून पाहिले आणि लगेच हातोडी खाली ठेवली. हे आत्याच्या पानावर लिहिलं गेलं असेल तर?

"आत्या, मी तुझा हात बिघडवला गं," ती रडवेली होऊन म्हणाली.

आत्याने हातोडी घेतली. ठोके नेहमीसारखे सरळ उमटले.

"वेडे, दोघींचं पान फक्त वाचायचं असतं. तू लिहायला गेलीस की यंत्रणा तुला अडवते, त्या पानाची नक्कल काढते आणि तुझं लिहिणं त्या नकलेवर घेते. ही सोय करणाऱ्यांचे फार उपकार आहेत. नाहीतर मी कुणाला शिकवायला धजलेच नसते."

"म्हणजे हे तिरके ठोके माझे?"

"तुझेच. मला नकोत, बाई."

चारुताने डोळे पुसले, घागर फिरवली आणि चौथी रांगही तिरकीच ठोकायला घेतली.