घरून आलेली कॅसेट

१९७८ साली रियाधच्या नव्या इस्पितळातल्या नर्सेस हॉस्टेलवर अहिल्यानं गुहागरहून आलेली कॅसेट लावली. तीन वर्षांची लेक त्यात जावेला 'आई' म्हणत होती, तेही अगदी लाडात येऊन. अहिल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"जाऊबाईंनीच शिकवलं असणार," ती खोलीतल्या डच सिस्टरला, योहानाला म्हणाली. "माझी पोर तोडली माझ्यापासून."

चाळिशीच्या योहानानं आधी दार लावलं. "इथं कुणाला बोलू नकोस. मी ज्यू आहे. महायुद्धात जर्मन आम्हाला घराघरातून धरून नेत होते, तेव्हा आईनं मला एका शेतकरणीकडे लपवलं. त्याआधी आठवडाभर माझ्याकडून घोकवून घेतलं, 'ती तुझी आई. मी तुझी कुणी नाही.' शिपाई दारात आले तेव्हा मी शेतकरणीला 'आई' म्हणत बिलगले, म्हणून वाचले."

"आणि तुझी आई?"

"युद्ध संपल्यावर न्यायला आली. मी तिला तेच ऐकवलं, तुम्ही माझ्या कुणी नाही."

"मग?"

"माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, शाब्बास."

अहिल्यानं कॅसेट उलटवली आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. लेकीला शाब्बास म्हणायला तिनं तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा टेपवर एवढंच उतरलं, "तुझी आई मी आहे."