मूळ आकार

डिझाइनच्या कामासाठी मला भारी स्क्रीनचा लॅपटॉप हवा होता. दुकानात पारखून बघायला म्हणून मी पेनड्राइव्हमधला आईचा फोटो उघडला. शिलाई मशीनवर बसलेली आई, दातांत दोरा धरून माझ्यावर ओरडणारी, "अगं, केस तरी विंचरू दे!" माझ्या जुन्या मोबाईलवर काढलेला तो फोटो त्या बारीक ठिपक्यांच्या स्क्रीनवर मूळ आकारात जेमतेम नखाएवढा दिसला.

"स्केलिंग वाढवू की, सगळंच मोठं दिसेल, त्यात काय!" विक्रेता म्हणाला. सॉफ्टवेअरमधली अक्षरं एकदम टपोरी, कोरीव झाली. आईचा चेहरा मात्र पसरून पुसट झाला आणि दोरा तर दिसेनासाच झाला.

"ताई, दोष स्क्रीनचा नाही हं, फोटोच जुन्या मोबाईलचा," तो हसला. "एक काम करा. काकूंना छान खिडकीपाशी बसवा, नव्या मोबाईलवर झकास फोटो काढा आणि उद्या घेऊन या. मग बघा हिची कमाल!"





शेजारच्या साध्या स्क्रीनच्या लॅपटॉपवर तोच फोटो मूळ आकारात नीट दिसत होता, दोऱ्यासकट; मी तोच बांधून द्यायला सांगितला. आईचा नवा फोटो आता निघणार नव्हता.