विटेचा शेक

उर्वशीनं दोन पातळं पिशवीत कोंबली आणि नागपूरच्या दवाखान्याची फाइल मुद्दाम फळीवरच राहू दिली. राळेगावची एसटी दुपारी फाट्यावर येत असे. नवरा उकंडा कापसाच्या जिनिंगमधून परतायच्या आत तिला निघायचं होतं.

सासू चुलीपाशी वीट तापवत बसली होती. सून दुखण्यानं वाकली की रुखमाबाई हेच करी. वीट निखाऱ्यावर ठेवायची, जुन्या धोतरात गुंडाळायची आणि कमरेला नेमक्या जागी लावायची. जागा तिला कधी विचारावी लागली नाही. काजळी धरलेली ती वीट उर्वशी या घरात यायच्या कितीतरी आधीची होती.

"एवढं दुखते, मंग पिशवी कायले भरून राह्यली?"

"मायेरी जाते, आई."

"वापस कवा येशीन?"

उर्वशीनं पिशवीचा बंद आवळला.

डॉक्टरीणबाईंनी तिला सगळं समजावून सांगितलं होतं. गर्भाच्या पिशवीचं अस्तर तिच्या पोटात पिशवीबाहेरही वाढत होतं, दर महिन्याला रक्ताळत होतं, आतलं सगळं एकमेकांना चिकटवत होतं. दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. मग इंजेक्शनं. मग गर्भ बाहेर तयार करून आत सोडला. दोनदा सोडला, दोनदा निसटला. दुसऱ्या खेपेला विहिरीकाठचं ओलिताचं वावर विकलं. त्या साली कापूस बुडून गावातली किती घरं धुळीला मिळाली होती. शेजारच्या रामधननं त्यातच जीव दिला. आणि आपण चांगलं वावर विकून सुयांत घातलं, हा हिशेब उर्वशी रोज मनात मांडत असे.

"त्याइचं दुसरं लगन करा," ती एकदम म्हणाली.

"उकंडा म्हणते असं?"

"ते कायले म्हणतीन? ते हसून दाखवते. म्हणते, जिनिंगात मशीन आहे, पोरं कायले पायजे?"

तेवढ्यात रुखमाबाईच्या बरोबरीची मोतीबाई ओंजळभर तुरीच्या शेंगा घेऊन दारात आली. तिनं पिशवी पाहिली.

"काय वो रुखमे, सुनेले हाकलून राह्यली का?"

"तुह्या तोंडाले कुलूप लाव पहिले."

"लावते माय. पण तुह्यासारखं नशीब लागते बाई. पांढरकवड्याले जिनिंगच्या चाळीत राहाले गेली, अन आली ते लेकरू कडेवर घेऊनच. नाव सांगतलं उकंडा. आम्ही लगेच समजलो."

शेंगा ठेवून ती गेली.

न समजण्यासारखं त्यात काही नव्हतंच. आधीची लेकरं दगावली की नव्या जन्मलेल्याला उकंड्यावर, म्हणजे शेणखताच्या ढिगावर ठेवायचं, टाकलेलं लेकरू म्हणून सुपात उचलून आणायचं आणि नावही तेच ठेवायचं. मग मरण त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही, अशी इकडची समजूत. नाव ऐकलं की पुढचं कोणी विचारत नसे. रुखमाबाईनंही त्या गेलेल्या लेकरांबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. उर्वशी लग्न होऊन आल्यापासून ते दुःख जपून ओलांडत आली होती.

आज तिला राहवलं नाही.

"तुमी आपले गमावले, आई. अन हा एक उकंड्यावर ठेवून वाचवला. तुमचा तो वंश माह्या पोटात सरून राह्यला. हे पाप मले नाई पेलत."

रुखमाबाईचा हात विटेवर तसाच राहिला. चटका बसला तरी तिनं तो काढला नाही.

"पाप तुहं नाई, माह्यं आहे," ती हळू म्हणाली. "तुले सुया टोचल्या, तुहं पोट फाडलं, वावर गेलं. मी पाहत राह्यली. भेवानं तोंड शिवून बसली."

"कायचं भेव, आई?"

रुखमाबाई उठली. दाराबाहेर पाहून तिनं कडी लावली. सुनेच्या हातातली पिशवी काढून घेतली, तिला कुशीवर निजवलं आणि वीट कमरेला लावली. नेमक्या जागी.

"मी त्याले उकंड्यावर ठेवला नाई, पोरी. शेण टाकाले गेलती, तवा तिथून उचलला."